बाबांचं मूळव्याधीचं ऑपरेशन आहे, चौथी ग्रेड. नंतर घरी काय काय बघावं लागतं?

बाबा ६१ वर्षांचे. कोंब आता बोटाने आत ढकलले तरी राहत नाहीत, सर्जन म्हणाले कापूनच काढावे लागतील. पुढच्या मंगळवारची तारीख दिलीय. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्याचं टेन्शन आहे. आणि बाबा म्हणतायत लेझर कर, दुखत नाही म्हणे. आई दिवसाआड सूरण करतेय ते वेगळंच. कुणाचं झालंय का?

जखमी_वाघ: माझं झालंय, ओपनवालं, म्हणजे कापून जखम उघडी ठेवतात ते. कमरेत इंजेक्शन देतात त्यामुळे ऑपरेशनचं काही कळत नाही पण त्या रात्री मला लघवीच होईना, शेवटी नळी घातली, असं बऱ्याच जणांचं होतं घाबरू नका. खरी परीक्षा पहिल्या संडासला, माझी तिसऱ्या दिवशी झाली, काचा बाहेर पडतायत असं वाटलं, नळाला धरून बसलो होतो अक्षरशः. पण भीतीने दाबून ठेवलं तर खडा होतो आणि मग दुप्पट हाल. इसबगोल आणि संडास मऊ करायचं पातळ औषध चुकवू नका. कमोडवर बसणारा प्लास्टिकचा टब मिळतो, त्यात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसायचं, दिवसातून तीनचारदा आणि संडासनंतर प्रत्येक वेळी. तेवढा वेळच काय तो स्वर्ग.

वॉर्डातली_ताई: रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका, अँजिओप्लास्टीत स्टेंट (रक्तवाहिनीतली जाळी) बसवला असेल तर हार्टवाले डॉक्टर आणि सर्जन दोघांचं बोलणं आधी व्हायला हवं, हे मंगळवारच्या आत करा. दुसरं म्हणजे सात ते चौदा दिवसांत अचानक ब्लीडिंग होऊ शकतं, नेमकं तेव्हा दुखणं कमी झालेलं असतं म्हणून माणूस गाडीवर बसून गावाला निघतो. पुसताना थोडं रक्त चालतं, पण गाठी पडल्या, धार लागली, चक्कर आली, ताप आला की रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. जखम मुद्दाम उघडी ठेवतात, पाझरत राहते, भरायला चार ते सहा आठवडे जातात. दुखण्यावर ट्रामाडोल दिलं असेल तर त्याने संडास घट्ट होते हे लक्षात असू द्या.

पुणेरी_पेशंट: लेझरच्या जाहिराती बघून जाऊ नका. लेझर, स्टेपलर दुखायला कमी हे खरंय पण परत उद्भवायचं प्रमाण जास्त आणि चौथ्या ग्रेडला सर्जन कापायचं म्हणतायत तर काही कारण असेल ना.

प्रश्नकर्ता: ताई खूप थँक्यू, दोन्ही डॉक्टरांचं उद्या फोनवर बोलणं करून देतोय. टब आणलाय. बाबांनी नुसता बघितला आणि म्हणाले, यात मी मावणार आहे का ते आधी सांग.