विषय: [अर्जंट] नॅशनल सिक्युरिटीचा लेक्चरर – सिटिझन नसेल तर अर्जच करू नये का?

माई, बेल्कॉनन:
मंडळी, भाच्याचा अर्ज सोमवारी बंद होतोय, इथल्या कॅनबेराच्या एएनयूच्या (ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी) नॅशनल सिक्युरिटी कॉलेजातली जागा, लेव्हल बी म्हणजे लेक्चररची, शिकवायचं पण आणि रिसर्च पण. पुणे विद्यापीठाच्या डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजमधून पीएचडी आहे, पासपोर्ट अर्थातच भारतीय. परवा हॉलवर नाना म्हणाले की क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामासाठीची सरकारी सुरक्षा मंजुरी, नसेल तर तिथे कोणी दारात उभं करणार नाही, तेव्हापासून पोराने लिहायचंच थांबवलंय. नक्की काय ते कोणी सांगेल का?

नाना:
माई, मी अनुभवाने बोललो. डिफेन्सच्या कॉन्ट्रॅक्टवर होतो तेव्हा एनव्ही वन या पातळीच्या क्लिअरन्ससाठी दहा वर्षांचे पत्ते, नोकऱ्या, परदेश प्रवास सगळं भरून द्यावं लागलं, नाशिकच्या भाड्याच्या खोलीचा नीट पत्ता मिळवायला घरमालकांच्या मुलाला फोन केला होता. त्याच्याही आधी सिटिझनशिप, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही म्हणजे आपला पासपोर्ट सरेंडर. हे कॉलेज 2010 साली सरकारने आणि एएनयूने मिळून काढलंय, सरकारी अधिकारी तिथे कोर्सला येतात. बाहेरच्या माणसाला कोण घेणार?

ताई, गुंगालिन:
नाना, रागावू नका, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. क्लिअरन्स माणसाला स्वतःहून मागताच येत नाही, एखाद्या खात्याने किंवा कंपनीने स्पॉन्सर केलं की मग एजीएसव्हीए ही सरकारी संस्था त्या माणसाची तपासणी सुरू करते, मग अर्ज करतानाच तो हातात कुठून असणार? तुमची नोकरी गोपनीय कागद हाताळायची होती. लेक्चरर युनिव्हर्सिटीचा नोकर, सरकारचा नाही, आणि व्हिसा युनिव्हर्सिटी स्पॉन्सर करू शकते. माई, जाहिरातीत काय लिहिलंय?

माई:
ऑस्ट्रेलियात काम करायचा हक्क हवा किंवा मिळवता यायला हवा, एवढंच. क्लिअरन्सचा शब्द नाही.

काका (मेलिंग लिस्ट सांभाळणारे):
विषय चांगला आहे पण ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे, नोकरीच्या मेल्सना विषयात तसं लिहायचं हे मागच्या वर्षीच ठरलंय. फराळाच्या ऑर्डरी खाली दबल्या आहेत, वीस घरांचं उत्तर यायचंय.

दादा, वोडन:
काका, पोराचं करिअर आहे, सोमवारपर्यंत चालू दे. माई, मी दुसऱ्या विषयाच्या सिलेक्शन पॅनेलवर बसतो, तिथे अर्ज पडतात ते सिटिझनशिपवर नाही, सिलेक्शन क्रायटेरियावर, म्हणजे निवडीसाठी दिलेल्या मुद्द्यांवर. एकेका मुद्द्याखाली वेगळं उत्तर लिहायचं, पेपरांची यादी चिकटवून भागत नाही. आणि पॉलिसी शिकवायची म्हणजे समोर वीस वर्षं खात्यात काढलेला माणूसही असू शकतो, त्याला थिअरी नको, निर्णय कसा झाला आणि कुठे फसला ते हवं. भाच्याची पीएचडी कशावर आहे?

माई:
कोकण किनाऱ्याची सुरक्षा. 1993 ला शेखाडीला आरडीएक्स उतरलं तिथपासून 26/11 नंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं दिली तिथपर्यंत. श्रीवर्धनला कोळ्यांच्या घरी राहून मुलाखती घेतल्यात त्याने.

दादा:
अहो माई, हे सोनं आहे! नुसतं कोकण म्हणून लिहिलं तर पॅनेलला ते लांबचं वाटेल, म्हणून ऑस्ट्रेलियाशी जोडायचं. पॅसिफिकमधल्या छोट्या देशांना ऑस्ट्रेलिया गस्तीच्या बोटी देते, तिथेही प्रश्न तोच, बोट दिली पण किनाऱ्यावरच्या मच्छीमाराने काही दिसलं तर कोणाला सांगायचं, आणि का सांगावं? हा रिसर्च प्लॅन होतो. शिकवायच्या मुद्द्याखाली कारगिल घ्यायला सांगा, 1999 च्या लढाईनंतर के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसली, गुप्तचर यंत्रणेचे दोष तिने उघड लिहिले, अधिकाऱ्यांच्या वर्गात यावर दोन तास चर्चा होईल.

ताई:
दादांना अनुमोदन. 2015 ला त्या कॉलेजचे प्रमुख झालेले रोरी मेडकाफ स्वतः डिप्लोमॅट म्हणून दिल्लीत होते, त्यामुळे भारतावरचं काम तिथे परकं वाटू नये. पण दादा, भारतातला अनुभव इथे अर्धा मोजतात हे माझ्या नवऱ्याच्या बाबतीत आम्ही भोगलंय, म्हणून एक रेफरी, म्हणजे कामाबद्दल शिफारस देणारा, तरी भारताबाहेरचा हवा.

नाना:
ठीक आहे, अर्ज कर म्हणावं, मी आडवा येत नाही. फक्त पुढे कधी सरकारी प्रोजेक्टवर घ्यायचं ठरलं तर विचारतीलच, म्हणून पत्ते आणि प्रवासाच्या तारखा आत्तापासून एका वहीत लिहून ठेवायला सांगा. आणि ड्राफ्ट मलाही पाठवा, सरकारी माणूस वाचताना कुठे थांबतो ते मला कळतं.

माई:
शनिवारी रात्री दादा, ताई आणि नाना तिघांना पाठवतो म्हणाला. काका, आमच्या चकल्या दोन किलो, कमी तिखट.