भांग पिऊन बैठका मारल्यात कुणी? अनुभव येऊ द्या

गोदाकाठचा_पप्पू

काल पहाटे कृषीनगरच्या ट्रॅकवर तिसऱ्या फेरीला गांजाचा वास आला. बाकावर दोन पोरं. पायात महागडे बूट, मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं, आणि आळीपाळीने ओढणं चाललेलं. पाचेक मिनिटांनी तीच पोरं उठून माझ्यापुढून सुसाट गेली. मी बावन्न वर्षांचा, मागे धापा टाकतोय. राग यायला हवा होता, पण आठवलं ते १९९६ साल.

जुन्या नाशकातली आमची तालीम. पहाटे पाचला माती उकरायची, जोर, बैठका, मग वस्तादांच्या घरची ठंडाई. बदाम, मगज, खसखस, बडीशेप, मिरी, सगळं दगडी खलात घोटलेलं. भांगेचं नाव काढलेलं वस्तादांना खपायचं नाही. पण त्या रंगपंचमीला ते गावाला गेलेले, आणि त्यांचाच पुतण्या सुपारीएवढी हिरवी गोळी घेऊन आला. घोटली. मी दोन पेले लावले. अर्धा तास झाला, काहीच नाही. म्हटलं ही कसली भांग, हा तर पालक. लागली पैज, पाचशे बैठका.

चाळीसपर्यंत नीट मोजलं. एकेचाळीस म्हणून खाली बसलो, वर आलो, परत एकेचाळीस. खाली, वर, एकेचाळीस. पुढे काहीतरी असतं एवढं कळत होतं, पण बेचाळीस हा आकडाच जगातून गेला होता. पोरं मातीत लोळून हसतायत. मांड्यांना काही जाणवत नव्हतं, छातीत मात्र ढोल. किती मारल्या देव जाणे. दुसऱ्या दिवशी जिना बसून बसून उतरलो आणि दोन दिवस लघवी कोऱ्या चहासारखी. भीतीने घरी बोललो नाही.

तर व्यायामाआधी, नंतर, चुकून, मुद्दाम, कुणी घेतली असेल तर सांगा. उपदेश नको.

सिडकोची_शमा

"हा तर पालक" हाहाहा. ऑफिसच्या बसमध्ये एकटीच हसतेय.

तिवंधा_वाला

दादा, रहाडीत उडी मारली का मग?

गोदाकाठचा_पप्पू

नाही रे. दोघांनी दंड धरून काठावर बसवून ठेवलं. मी तिथेही मोजत होतो म्हणे.

तिवंधा_वाला

वाचलात. मी मारलीय. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद. वर्षभर बुजवलेल्या असतात, त्या दिवशी उघडून पूजा करून रंगाचं पाणी भरतात. आणि वरून उडी मारायची, तो धप्पा. माझ्या मामेभावाने सकाळी पेढा खायला दिला, बोलला नाही कशाचा. दुपारी धप्पा मारला. आत गेलो तर सगळं पिवळं, आणि वर कुठे तेच कळेना. हात मारतोय तो तळाच्या दगडाला लागतोय. कुणीतरी केस धरून ओढलं. बाहेर आल्यावर मी त्यालाच शिव्या घातल्या, केस का ओढले म्हणून.

चांगला पोहणारा आहे मी. गंगापूर धरणाच्या पाण्यात वाढलोय.

अंजनेरी_वारी

बाप रे. मामेभाऊ अजून आहे का?

तिवंधा_वाला

आहे की. नगरसेवकाचं तिकीट मागतोय.

दवाखाना_बंद_झाल्यावर

फिजिशियन आहे, कुकर लावून लिहितोय, बायको बाहेरगावी.

पप्पूदादा, ती कोऱ्या चहासारखी लघवी म्हणजे स्नायू फुटले होते. फार ताण पडला की स्नायूतलं मायोग्लोबिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडातून जाताना त्याला जाम करू शकतं. काही जणांना डायलिसिसवर जावं लागतं. एरवी शंभर-दीडशेला मांड्या "बस" म्हणाल्या असत्या. तुमच्या मांड्या बोलत होत्या, ऐकणारा गैरहजर होता.

"अर्धा तास काहीच नाही" इथेच बहुतेक जण फसतात. ओढलं तर मिनिटांत चढते. पोटातून गेली की अर्धा ते दोन तास लागतात, आणि मग सहा-आठ तास मुक्काम. मधल्या वेळात माणूस दुसरा पेला लावतो.

छातीतला ढोलही खरा. टीएचसीने, म्हणजे भांग-गांजातल्या नशेच्या द्रव्याने, ठोके मिनिटाला २० ते ५० ने वाढतात, त्यात व्यायामाचे वेगळे. उलट उभं राहताना रक्तदाब पडतो, म्हणून भोवळ. तरुण पोराचं हृदय हे सोसतं. ज्याच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्याचं अवघड. १९७४ मध्ये हृदयरोग्यांना सायकल मारायला लावून पाहिलं होतं. एक सिगारेट गांजा ओढल्यावर छातीत दुखायला लागेपर्यंतचा वेळ जवळपास निम्म्यावर आला. पन्नाशीतल्यांनी एवढं डोक्यात ठेवा. शिट्टी झाली, येतो.

सिडकोची_शमा

डॉक्टर, कुकरच्या किती शिट्ट्या करता डाळीला?

दवाखाना_बंद_झाल्यावर

चार. तरी कच्चीच राहते.

पाथर्डी_फाटा

डाळ भिजत घाला हो अर्धा तास आधी.

डेन्व्हर_ते_देवळाली

मी सहा वर्षं कोलोरॅडोत होतो. तिथे २०१४ पासून गांजा दुकानात उघड मिळतो, ओळखपत्र दाखवायचं, बिल घ्यायचं. ऑफिसच्या पळणाऱ्या ग्रुपात निम्मे लोक पळण्याआधी गांजाची गोळी खायचे, जेलीची, साखरेत घोळवलेली. पाच मिलिग्रॅम. मीही चार-पाच वेळा खाल्ली.

खरं सांगतो, मजा आली. झाडं, पायाखालची खडी, स्वतःचा श्वास, सगळं जवळ आल्यासारखं. आपण उडतोय असं वाटायचं. घरी येऊन घड्याळ बघितलं की रोजच्यापेक्षा हळू! आणि त्या हळूलाही दम जास्त लागलेला. पुढे तिथल्याच बोल्डरच्या विद्यापीठाने पळणाऱ्यांवर हेच करून पाहिलं. २०२३ मध्ये छापून आलं. लोकांना पळताना आनंद जास्त झाला, पण टीएचसीवाल्यांना तेच पळणं जड वाटलं. म्हणजे माझं एकट्याचं नव्हतं.

त्या पोरांचं सुसाट जाणं म्हणूनच मला पटत नाही. पप्पूदादा, तुम्हीच हळू असाल.

गोदाकाठचा_पप्पू

हे वाक्य बायकोला दाखवणार नाही.

तपोवन_तनू

आमच्या आजीचा किस्सा. व्यायाम म्हणता येईल का माहीत नाही. महाशिवरात्रीला कुणीतरी प्रसाद आणला, आजीने अख्खा पेला घेतला. मग ती रामकुंडावर निघाली, रोज जायचीच. पंचवटीतून पंधरा मिनिटांचा रस्ता. दोन तास आली नाही. आजोबा शोधायला गेले तर आजी गोदाघाटाच्या पायऱ्या चढतेय, उतरतेय, चढतेय, उतरतेय. विचारलं तर म्हणाली, "अहो, संपतच नाहीयेत." गुडघेदुखी होती तिला! त्या दिवशी गुडघा एकदाही दुखला नाही, पुढचा आठवडा मात्र अंथरुणात.

दवाखाना_बंद_झाल्यावर

आजी आणि पप्पूदादा, एकच केस.

सातपूर_शिफ्ट_बी

सगळे हसतायत, मी दुसरंच लिहितो. हसण्यावर राग नाही.

धाकटा भाऊ. जिमला जायचा, चांगलं शरीर कमावलेलं. तिथेच कुणीतरी सांगितलं, व्यायामानंतर एक मारली की अंग दुखत नाही, झोप गाढ लागते, भूक लागते. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या म्हणून पटलं त्याला. आधी लेग डेला. मग रोज. मग जिमला जायच्या आधीपण, मूड यायला. मग नुसती तीच, जिम बंद. दीड वर्ष लागलं या सगळ्याला. न ओढता झोपच येईना, घामाने चादर भिजायची, भांड्याचा आवाज झाला तरी अंगावर यायचा. आईला वाटायचं प्रेमभंग आहे.

आता बरा आहे. समुपदेशकाकडे नेलं, आठ महिने गेले. सकाळी चालायला येतो माझ्याबरोबर, चामरलेणीपर्यंत. बोलत नाही फार. परवा वर पोचल्यावर म्हणाला, भूक लागली. मला रडायला आलं.

सिडकोची_शमा

दादा, तुम्हाला आणि भावाला नमस्कार. आईला पण.

अंजनेरी_वारी

सातपूरदादा, रविवारी आम्ही आठ-दहा जण जातो, कधी अंजनेरी, कधी रामशेज. भावाला आणा. बोललं नाही तरी चालतं, आमच्यातला एक जण चार वर्षांत बोललेला नाही.

सातपूर_शिफ्ट_बी

बघतो. शिफ्ट बदलली तर.

लेन_नंबर_तीन

मी जिल्ह्याकडून ८०० मीटर पळायची. पोटरी धरली तेव्हा एका मैत्रिणीने विजयाचं तेल आणून दिलं, "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही." विजया म्हणजे भांगच, हे मला बाटली अर्धी संपल्यावर कळलं. आणि पुढच्या आठवड्यात स्पर्धा!

झोप उडाली. नंतर वाचून काढलं सगळं. वाडा, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था, तिच्या बंदीच्या यादीतून सीबीडी (भांगेतलं नशा न आणणारं द्रव्य) २०१८ पासून वगळलंय, पण बाकीची भांगेतली द्रव्यं स्पर्धेच्या काळात बंदच आहेत. आणि तेलात नुसतं सीबीडी आहे याची खात्री कोण देणार? वर टीएचसी चरबीत साठतं, रोज घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक दिवस सापडतं. २०२१ मध्ये अमेरिकेची शा'कॅरी रिचर्डसन निवड चाचणीत १०० मीटर जिंकली आणि याच कारणाने एक महिन्याची बंदी, टोकियो हुकलं. तिची आई नुकतीच गेली होती. मला तिची फार कणव आली तेव्हा.

मी? मी पळालेच नाही. पोटरीचं कारण सांगितलं. सरांना अजून खरं माहीत नाही. आमच्या चाचण्या झाल्याही नाहीत त्या वर्षी, पण घाबरलं की घाबरलं.

पाथर्डी_फाटा

पोटरीला नुसतं तिळाचं तेल नि मीठ. कोमट करून.

मेरी_कॉलनी

मला जिमच्या ट्रेनरने हेम्प प्रोटीन दिलं. डब्यावर भांगेचं ते सात पाकळ्यांचं पान. मी आठवडाभर शेकमध्ये घेतलं आणि रोज वाट बघितली काहीतरी होईल म्हणून. एकदा तर चढल्यासारखंही वाटलं, उगाच हसलो ट्रेडमिलवर. मग कळलं बिया आहेत त्या. बियांची नशा होत नाही. २०२१ पासून अन्न म्हणून परवानगीही आहे. अठराशे रुपये. चव कोंड्याची.

तिवंधा_वाला

ट्रेडमिलवर उगाच हसलास हाहा. कुमाऊंत त्या बियांची चटणी करतात, पराठ्याशी खाल्लीय, भारी लागते.

साधुग्राम_२०१५

कुंभात तपोवनात स्वयंसेवक होतो. २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाच्या आधी दोन दिवस. एक तरुण बैरागी, पंचविशीचा असेल. साफी, म्हणजे छोटं फडकं, ओली करून चिलमीला गुंडाळली, एक दम असा मारला की ज्वाला वर आली, आणि मग उठून शंभर दंड. मोजले मी. घाम नाही. मी तोंड उघडं ठेवून बघतोय. तर म्हणतो, "बेटा, हे बघून करू नको. मी नऊ वर्षांचा असल्यापासून दंड मारतोय. चिलीम नंतर आली."

ब्रह्मगिरी_फेरी

बैरागी म्हणजे वैष्णव, ते नाशकात. चिलमीचा खरा धूर बघायचा तर त्र्यंबकला, शैव आखाडे तिकडे असतात.

साधुग्राम_२०१५

धुराला शैव-वैष्णव कळत नाही हो. मी डोळ्यांनी बघितलंय.

खाकीतला

नोकरीमुळे नाव नाही. पोरांसाठी लिहितो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग वेगळी असं सगळे सांगतात. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याखाली भांगेलाही परवाना लागतो. गांजा एक किलोच्या आत म्हणजे अल्प प्रमाण, तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ट्रॅकवर सकाळी सापडलेली पोरं बहुतेक भरतीच्या तयारीची असतात. पोलीस भरतीच्या! नोंद झाली की चारित्र्य पडताळणीत अडकतात. मैदानी चाचणीत पन्नासपैकी पन्नास असले तरी.

गोदाकाठचा_पप्पू

साहेब, आज परत गेलो होतो. ती दोघं होती. मी बाकावर शेजारी बसलो, एकेचाळीसची गोष्ट सांगितली. एक जण खूप हसला. दुसरा म्हणाला, "काका, लघवीचं खरंय का?" त्याला बहुधा काहीतरी आठवलं असावं. मी डॉक्टरांचं वाचून दाखवलं. काही बोलला नाही, बूट बांधत बसला.

डेन्व्हर_ते_देवळाली

आनंदासाठीच ओढत असतील तर सांगा त्यांना, शरीर स्वतःच बनवतं ते. १९९२ मध्ये इस्रायलमध्ये मेंदूतलं द्रव्य सापडलं, भांगेच्याच कुलपाला लागणारी आपली घरची किल्ली. नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत आनंदावरून. बरंच पळाल्यावर जे हलकं वाटतं त्यात याचा हात आहे म्हणतात.

मेरी_कॉलनी

मला पळाल्यावर फक्त मिसळ आठवते.

अंजनेरी_वारी

ते मिसळामाइड.

तपोवन_तनू

पप्पूकाका, ती बिनभांगेची ठंडाई सविस्तर द्या ना. मगज कशाचं घेता, खरबुजाचं की कलिंगडाचं?

गोदाकाठचा_पप्पू

खरबुजाचं. रात्री भिजत घाल, बदाम सोलून घे, मिरी चारच दाणे. मिक्सरमध्ये पटकन होतं, पण खसखस नीट वाटली जात नाही, ती आधी एकटी वाट. दूध शेवटी.

पाथर्डी_फाटा

खसखस काय भाव आहे बघितलंय का?