धागा: कर बुडवणाऱ्याने चारशे पोरांचं कर्ज फेडलं, तर ते दान खोटं ठरतं का?

माणदेशी (धागाकर्ता)

आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर परवा रॉबर्ट स्मिथबद्दल एक पोस्ट आली. म्हणे, अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत कृष्णवर्णीय उद्योजक म्हणून ज्याचे गोडवे गायले गेले, तो करचोर आहे. मोअरहाऊस या कृष्णवर्णीय मुलांच्या कॉलेजातल्या पोरांचं कर्ज फेडलं ते प्रतिमा धुऊन काढायला, आणि असल्या दानाने मुलांना फुकटाची सवय लागते. खाली पस्तीस अंगठे. तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

फुकटाच्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. १९ मे २०१९ ला अटलांटात पदवीदान समारंभ होता. स्मिथने व्यासपीठावरून जाहीर केलं की आपलं कुटुंब या पूर्ण वर्गाचं शैक्षणिक कर्ज फेडेल. समोर ३९६ मुलं होती. ती चार वर्षं शिकून, पास होऊन बसली होती. कर्जमाफीच्या आशेने कोणी प्रवेश घेतला नव्हता, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. मग सवय कसली लागली? पुढे सप्टेंबरात आकडा आला ३ कोटी ४० लाख डॉलर, कारण त्यात आईबापांच्या नावावरची कर्जंही धरली होती. ही आईबापांची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तिकडे 'पेरेंट प्लस' म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी आईबापांच्या नावावरचं सरकारी कर्ज देताना बापाची फेडायची ऐपत आहे का, हे बघत नाहीत. पोरगा पदवी घेतो आणि बाप साठीत हप्ते भरतो.

करसल्लागार

माणदेशी साहेब, भावना पोचल्या. आता कागद बघू. ऑक्टोबर २०२० मध्ये स्मिथने अमेरिकी न्याय खात्याशी करार केला. पंधरा वर्षं बेलीझचा ट्रस्ट आणि नेव्हिसची कंपनी वापरून २० कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न लपवल्याचं त्याने स्वतः कबूल केलं. कर, दंड आणि व्याज मिळून १३ कोटी ९० लाख डॉलर भरले, शिवाय देणग्यांपोटी मागितलेली १८ कोटी २० लाखांची वजावट सोडून दिली. त्या लपवलेल्या पैशातून कॅलिफोर्नियात घर झालं, फ्रान्समध्ये बर्फावर घसरायला मालमत्ता झाल्या. खटला झाला नाही, कारण रॉबर्ट ब्रॉकमन या दुसऱ्या उद्योजकाच्या विरोधात सहकार्य करायचं कबूल केलं. ब्रॉकमनवर २०० कोटी डॉलर लपवल्याचा आरोप होता.

आणि क्रम बघा. २०१४ मध्ये त्याने स्वतःहून कबुली देणाऱ्यांच्या सवलत योजनेत अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्याच वर्षी 'फंड टू फाउंडेशन' ही त्याची देणग्या देणारी संस्था उभी राहिली. मोठमोठ्या देणग्या त्यानंतरच्या. मी तीस वर्षं रिटर्न भरतोय लोकांची. असे दानशूर मी जवळून पाहिलेत.

मेधा_ठाणे

करसल्लागार +१. बुडवलेला कर कुणाचा होता? सरकारी शाळांचा, सरकारी अनुदानांचा. त्याच शाळांत कृष्णवर्णीय मुलं सगळ्यात जास्त. एका हाताने काढून दुसऱ्या हाताने टीव्हीसमोर दिलं.

जॉर्जियावासी

मी अटलांटात बरीच वर्षं आहे, नोकरीला. इथे बसून सांगतो, तुम्ही दोघं गोऱ्या मध्यमवर्गाच्या हिशेबाने बोलताय. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेच्या २०१६ च्या अहवालात आहे: पदवी घेताना कृष्णवर्णीय मुलावर सरासरी ७,४०० डॉलर जास्त कर्ज असतं, आणि चार वर्षांनी ते गोऱ्या मुलाच्या जवळजवळ दुप्पट होतं. पगार कमी, व्याज चढत जातं, आणि घरी हात पसरावा असं कुणी नसतं. महायुद्धानंतर परतलेल्या गोऱ्या सैनिकांना घरकर्जं मिळाली, त्यांच्या नातवंडांना आज त्या घरांवर पैसा उभा करता येतो. कृष्णवर्णीय सैनिकाला तेव्हा बँकेने दारातूनच परत पाठवलं.

स्मिथ हे ओळखून आहे, कारण तो डेन्व्हरचा, वर्णभेद मोडायला बसमधून गोऱ्यांच्या शाळेत पाठवलेल्या मुलांपैकी. आईबाप दोघंही डॉक्टरेट. आई दर महिन्याला निग्रो कॉलेज फंडाला, म्हणजे कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणनिधीला, २५ डॉलरचा चेक पाठवायची. बेल लॅब्स या संशोधन संस्थेने उमेदवारी (इंटर्नशिप) नाकारली, कारण हा शाळकरी. तर दर सोमवारी फोन करून महिनोन्महिने पिच्छा पुरवला आणि जागा मिळवली. पुढे त्याने 'इंटर्नएक्स' काढली ती ह्याचसाठी, कंपन्यांची दारं मुलांसाठी उघडायला.

मेधा_ठाणे

गोऱ्या मध्यमवर्गाचा हिशेब म्हणे! मला वर्णद्वेषी ठरवण्याआधी माझा प्रश्न वाचा. २०१९ चा वर्ग सुटला. २०१८ चा? २०२० चा? एक वर्ष आधी जन्मलेल्या मुलाने काय पाप केलं? संधी म्हणजे लॉटरी नव्हे.

कोरा सातबारा

ताई, लॉटरीचं बोललात म्हणून सांगतो, आपल्याकडे हक्काचं आहे तेही लॉटरीच आहे. मी अनुसूचित जातीचा, अभियांत्रिकीला. महाडीबीटीवर अर्ज मंजूर, पैसे नाहीत. पदवी झाली, नोकरी लागली, रुजू व्हायचं तर कॉलेजने मूळ कागदपत्रं अडवून ठेवली: सरकारकडून आमचे पैसे येऊ द्या. वडिलांनी म्हैस विकून फी भरली आणि माझी टीसी सोडवली. शिष्यवृत्ती नंतर आली, म्हैस आली नाही. त्या दिवशी कुणी स्मिथ आला असता तर मी त्याला कराची पावती मागितली नसती.

वऱ्हाडी ठेचा

शंभर टक्के. माझ्या बहिणीचंही हेच. समाजकल्याणला गेलं की म्हणायचे कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणायचं पोर्टलवर त्रुटी. तुमच्याकडे आधार बँकेला जोडायचा घोळ झाला होता का?

कोरा सातबारा

झाला होता. पहिला हप्ता बंद खात्यात गेला. त्याचं वेगळं रडगाणं आहे.

करसल्लागार

विषय रॉबर्ट स्मिथ आहे. कृपया.

कोरा सातबारा

विषय हाच आहे, काका. तुम्ही म्हणता कर भरा, सरकार देईल. सरकार देतं तेव्हा काय होतं ते मी सांगितलं.

मेधा_ठाणे

आणि म्हणून श्रीमंताच्या मर्जीवर सोपवायचं? शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, तो हुकूम होता. त्यात मागास वर्गातला कुणीही आला. एका समारंभातल्या खुर्च्यांपुरता नव्हता.

जॉर्जियावासी

आणि बाबासाहेब? १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. स्मिथही पुढे त्याच विद्यापीठात शिकला. एका माणसाने एका माणसाला दिलेली संधी होती ती. तिचं मोल कमी?

मेधा_ठाणे

अर्धी गोष्ट सांगू नका. त्या शिष्यवृत्तीला करार होता, परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी. १९१७ मध्ये ते बडोद्याला आले तर राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. महाराजांनी शिकवलं, पण महाराजांच्याच राज्यात घर मिळालं नाही. एकट्या दात्याची मजल इतकीच. मला हेच म्हणायचंय सुरुवातीपासून!

कोरा सातबारा

पण शिकले म्हणून पुढचं घडलं ना, ताई? करार होता हेही सांगता, तर मग स्मिथने मुलांकडून काय लिहून घेतलं? काहीच नाही. पुढच्यांना हात द्या एवढंच म्हणाला. बिनशर्त देणं किती दुर्मीळ असतं, ते ज्याने रांगेत उभं राहून अर्ज भरलेत त्याला विचारा.

वऱ्हाडी ठेचा

सहमत. आणि बाबासाहेबांचं नाव करचोराच्या शेजारी घेऊ नका कुणीही. दोन्ही बाजूंना सांगतोय.

जॉर्जियावासी

शेजारी घेतलं नाही, उदाहरण दिलं. दुखावलं असेल तर मागे घेतो. मूळ मुद्दा मागे घेत नाही.

माणदेशी

मेधाताईंच्या २०१८-२०२० च्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. हाच आक्षेप अमेरिकेतही आला होता. २०२० मध्ये 'स्टुडंट फ्रीडम इनिशिएटिव्ह' निघाली ती त्यानंतर. ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या शेवटच्या दोन वर्षांच्या मुलांना 'पेरेंट प्लस'ऐवजी असा पैसा की परतफेड उत्पन्नाच्या प्रमाणात. स्मिथने स्वतःचे ५ कोटी डॉलर घातले. म्हणजे एका वर्गापुरतं थांबलेलं नाही. बाप साठीत हप्ते भरतो, त्या जागी हात घातलाय.

मेधा_ठाणे

हे आधी लिहिलं असतंत तर चार प्रतिसाद वाचले असते. रचना बरी आहे, हे मान्य. विज्ञानवाल्यांनाच का, शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलाने काय करायचं, हा प्रश्न आहेच. आणि ती रचना सरकारने का केली नाही, हा त्याहून मोठा.

करसल्लागार

माझं मत बदललेलं नाही. ऑक्टोबर २०२० ची कबुली आणि ५ कोटींची देणगी एकाच वर्षातली, हे कुणी खोडलेलं नाही. मुलांचं कर्ज फिटलं हेही खरं, ते मी कधी नाकारलं नव्हतं. तो पैसा परत घ्या असं कुठलाच कर अधिकारी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण त्याच्या नावाची पाटी लावायला मी जाणार नाही. कॉर्नेल विद्यापीठाने लावली आहे, त्यांचं त्यांना लखलाभ.

कोरा सातबारा

पाटी नका लावू, काका. पण तुमच्या ओळखीत समाजकल्याण खात्यात कुणी असेल तर सांगा. आमच्या गावच्या दोन मुलींची शिष्यवृत्ती अडकली आहे आणि कॉलेज टीसी द्यायला तयार नाही.

करसल्लागार

व्यक्तिगत निरोपात अर्ज क्रमांक पाठव. सोमवारी बघतो.