शब्दचर्चा: मामंजी, आत्याबाई आणि मेहुणा

प्रश्न

जुन्या नाटकांत सून सासऱ्यांना 'मामंजी' म्हणते. सासूला कुठे 'सासूबाई', तर कुठे 'आत्याबाई'. मामा म्हणजे आईचा भाऊ आणि आत्या म्हणजे वडिलांची बहीण. मग हे दोघे एकमेकांचे नवरा-बायको कसे? हे नुसतं आदराचं संबोधन आहे की त्यामागे काही हिशेब आहे?

उत्तर

हिशेब आहे, आणि तो चांगला चोख आहे. महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. नुसतं चालतं असं नाही, एके काळी तिच्यावर भाच्याचा पहिला हक्कच समजत. हेच नातं आता मुलीच्या बाजूने मांडून बघा. नवरा तिचा आतेभाऊ, म्हणजे सासू सख्खी आत्या. तिथे 'आत्याबाई' हे शब्दशः खरं. लहानपणापासून जिला ती आत्या म्हणत आली, तिलाच लग्नानंतर 'बाई' जोडायची. (त्या एका 'बाई'सोबत डोक्यावर पदर येतो, तो भाग वेगळा.)

राहिले सासरे, म्हणजे आत्याचे यजमान. या नात्याला मराठीत सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. कुणाकडे त्यांना काका म्हणतात, कुणाकडे मामा. हा 'मामा' कुठून आला ते बघायला थोडं दक्षिणेला सरकावं लागतं. कन्नडमध्ये सासरा तो 'माव' आणि सख्खा मामा तो 'सोदरमाव'. आत्या, मामी आणि सासू या तिघी 'अत्ते'. तेलुगूत मामय्या आणि अत्त. म्हणजे आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा ही तिकडे एकाच खणात ठेवलेली माणसं आहेत. कारण दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुलींची देवघेव होत राहिली, तर तुमच्या मामाला तुमचीच आत्या दिलेली असते. तुम्हाला विचित्र वाटलेली मामा-आत्याची जोडी तिथे रोजची.

आपल्याकडे या देवघेवीला शब्द आहे: साटंलोटं. तुझी बहीण माझ्या घरी, माझी तुझ्या घरी. आज हा शब्द पुढारी आणि ठेकेदार यांच्यासाठीच राखीव झाल्यासारखा वाटतो, पण मुळात तो लग्नातला आहे.

शंका

पटलं नाही. आमच्या घराण्यात मामेबहिणीशी लग्न मुळीच चालत नाही, विषय काढला तरी कानावर हात ठेवतात. तरी आजी सासऱ्यांना मामंजीच म्हणायची. मग प्रथेचा आणि शब्दाचा संबंध काय राहिला?

उत्तर

शब्द प्रथेपेक्षा जास्त फिरतो. एका जातीत नात्यामुळे रुजलेलं संबोधन शेजारच्या जातीत निव्वळ रीत म्हणून जातं. वाहतूक हवालदारालाही आपण मामा म्हणतो, त्याच्या बहिणीची चौकशी न करता. त्यामुळे एखाद्या घरात 'मामंजी' ऐकू आलं म्हणून त्या घरात तशी लग्नं होत असतील असं म्हणता येणार नाही. पण भोवतीच्या मोठ्या समाजात ती होत नसती, तर हे संबोधन सुचलंच नसतं. उत्तरेत बघा. हिंदी मुलखात 'ममेरी बहन' ही बहीणच, तिच्याशी लग्न हा विचारही नको. तिथली सून सासऱ्यांना बाबूजी म्हणेल, पिताजी म्हणेल. मामा म्हणणं तिला गैर वाटेल.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांचे प्रदेशवार विभाग पाडले. त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. माझ्या मते हे मधलेपण आपल्या नात्यांच्या शब्दांत जितकं उघडं दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. सासू-सासऱ्यांना हाक मारताना आपण दक्षिणेचे. पण आते-मामे भावंडांना नाव देताना थेट उत्तरेचे: आतेभाऊ, मामेबहीण. दक्षिणेत चुलत आणि मावस ती भावंडं. आते-मामे भावंडांसाठी शब्दच वेगळे, आणि त्या शब्दांत भाऊ-बहीण येत नाहीत. आपण मात्र 'बहीण' म्हणतो आणि तिच्याशी लग्नही लावतो. याचं नवल आपल्याला वाटत नाही, बाहेरच्याला वाटतं.

हे दाक्षिणात्य वळण आजचं नाही. बौधायन धर्मसूत्र या आचारनियमांच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात दक्षिणेकडच्या म्हणून ज्या पाच चाली दिल्या आहेत, त्यांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न आहे. दक्षिणेत ते चालेल, दुसऱ्याने दुसरीकडे केलं तर दोष, असा त्या सूत्राचा सूर. आणि अर्जुनाची सुभद्रा कोण होती? कुंतीचा भाऊ वसुदेव, त्याची मुलगी.

भर

'आत्या'बद्दल थोडं. महाराष्ट्री प्राकृतात 'अत्ता' असा शब्द आहे. गाथासप्तशती या त्या भाषेतल्या जुन्या काव्यसंग्रहात एक प्रसिद्ध गाथा आहे. ध्वनीची, म्हणजे काव्यातल्या सूचित अर्थाची, चर्चा करताना आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकारानेही ती घेतली आहे. घरातली सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते: इथे अत्ता झोपते, इथे मी, उजेड आहे तोवर नीट बघून ठेव, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर येऊ नकोस. (बोलावणं आहे, हे सांगायला नकोच.) यातली अत्ता म्हणजे सासू. त्याच शब्दाशी जोडला जाणारा आपला 'आत्या' वडिलांच्या बहिणीसाठी चालतो. एका शब्दात सासू आणि आत्या दोघी नांदल्या असतील, तर 'आत्याबाई'चं मूळ फार खोल जातं. कन्नड अत्ते आणि तमिळ अत्तै यांच्याशी याचं नातं बरेच अभ्यासक जोडतात.

उत्तर

ही भर फार मोलाची. याच जातीचा दुसरा शब्द 'मेहुणा' किंवा 'मेव्हणा'. मूळ संस्कृत 'मैथुन', जोडी या अर्थाचं. प्राकृतात 'मेहुणिआ' म्हणजे बायकोची बहीण आणि मामाची मुलगीही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात. कारण उघड आहे, मामाची एक मुलगी बायको झाली की उरलेल्या मेहुण्याच. आज मराठीत मामाच्या मुलीचा अर्थ गळाला आणि बायकोची बहीण तेवढी राहिली. जोडीचा मूळ अर्थ 'मेहुणं जेवायला बोलावणे' यात अजून जिवंत आहे. तिथे मेहूण म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

प्रश्न

मग उलटही होतं का? म्हणजे शब्दामुळे चाल बदलली, असं?

उत्तर

शब्दामुळेच, असं छातीठोक म्हणणं धाडसाचं होईल. शिक्षण, शहरं, जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे मुलांना होणाऱ्या आनुवंशिक आजारांची भीती, ही कारणं जास्त वजनदार आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही भावा-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यांत घातलं, रूढी असेल तर सूट ठेवून. पण शब्द हातभार लावतो, हे मी घराघरांत पाहिलं आहे. जिथे स्थळ म्हणून मनात असतं तिथे मोठी माणसं पोरांना एकमेकांना ताई-दादा म्हणू देत नाहीत. नावाने हाक मारायची, वरून चिडवायचं. आणि जिथे लहानपणापासून ताई-दादा रुळलं, तिथे वीस वर्षांनी स्थळ सुचवलं तर पोरं म्हणतात, 'शी, बहीण आहे माझी!' हे वाक्य मराठीत सहज निघतं, कारण मामेबहिणीत 'बहीण' आयती बसलेली आहे. कन्नडमध्ये ते इतकं सहज निघणार नाही. आता तर 'कझिन' आलाय. त्याने आते, मामे, चुलत, मावस सगळे एका पोत्यात भरले, म्हणजे मामाच्या मुलीचं वेगळेपणच संपलं.

प्रश्न

आणि मामंजी? आता कुणी म्हणतं का?

उत्तर

खेड्यांत सासऱ्यांना 'मामा' अजून ऐकू येतं, जावईही म्हणतो आणि सूनही. 'मामंजी' मात्र विनोदी नाटकापुरतं उरलं. शहरातली सून सासू-सासऱ्यांना आई-बाबा म्हणते. हे चांगलंच झालं, पण त्यातून नवा गोंधळ झाला: आई कुठली? त्यावर मराठीने तिच्याकडे आधीच असलेली सोय वापरली. माहेरची ती 'ए आई', सासरची ती 'अहो आई'. गैरहजेरीत बोलतानाही अडत नाही: 'आई आली' म्हटलं की माहेरची, 'आई आल्या' म्हटलं की सासरची. बाबांच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. बऱ्याच घरांत स्वतःचे बाबाही 'आले'च असतात, त्यामुळे कुठले बाबा हे विचारावंच लागतं.