मदत हवी आहे: चित्रांचे सगळे हक्क एकरकमी द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

मी चार वर्षांपासून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आता एका प्रकाशकाकडून २४ पानी पुस्तकाचं काम आलंय. गोष्ट आजीच्या गोधडीची. नमुन्याच्या पानावर मी गोधडीचा एकेक टाका जलरंगात काढलाय, कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा हिरवा काठ डोकावतो. हे पुस्तक मला मनापासून करायचंय.

घोडं अडलंय करारावर. मानधन एकरकमी आणि हक्क कायमचे त्यांचे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरतात. पण इथे ‘कायमस्वरूपी, जगभर’ असं स्पष्ट लिहिलंय. मुखपृष्ठावर माझं नावही नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

दुरुस्त्यांनाही मर्यादा नाही. मागच्या एका पुस्तकात रंगकाम झाल्यावर मुलीच्या दोन वेण्यांची एक करायला सांगितली. ११ पानं पुन्हा काढली, एक रुपयाही जास्त मिळाला नाही.

तुम्ही कुणी रॉयल्टी मागून घेतली आहे का? साधारण किती टक्के? कच्च्या रेखाटनांना होकार मिळाल्यानंतरच्या बदलांचे पैसे कसे लावता? मूळ चित्रं परत मिळतात का? शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचंय, अनुभव असेल तर जरूर सांगा.