शनिवारची शबो राइड: पाऊस, उतार आणि तुटलेला पट्टा

मीनल: बुधवारी रात्रभर पाऊस झालाय. तरी शनिवारी कॅलिफोर्नियातल्या त्या लेक शबो तलावाला सायकली न्यायच्या हे कुणी परस्पर ठरवलं? मागच्या डिसेंबरचं विसरलात वाटतं सगळे.

केदार: वहिनी, परस्पर नाही हो. पोल टाकला होता.

मीनल: पोलमध्ये "चिखल" हा पर्याय नव्हता.

सुहास: मरीनापासून, म्हणजे बोटींच्या धक्क्यापासून, वेस्ट शोअर आणि ईस्ट शोअर, दोन्ही काठांच्या वाटा डांबरी. तिथे पावसाने काही बिघडत नाही. घोळ धरणाच्या पुढे आहे. बास कोव्ह, गोल्डनरॉड, ब्रँडन, सगळी मातीची वाट. ती माती म्हणजे विदर्भातल्या काळ्या मातीची सख्खी बहीण. ओली असली की टायरवर थरावर थर चढतो, फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दांड्यांत) ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. उघड्यावर दोन दिवसांत वाळते, निलगिरीच्या सावलीत तीन-चार दिवस लागतात.

बापूकाका: घड्याळाच्या दिशेनेच जा. आधी वेस्ट शोअर.

केदार: काका, अजून जायचं की नाही हेच ठरलेलं नाही 🙏

प्रणाली: कसं ठरवायचं पण? घरून निघून तिथे जाऊन परत यायचं का?

सुहास: डांबर संपतं तिथे टाचेने माती दाबून बघा. खोल ठसा उमटला आणि बुटाला गोळा चिकटून आला तर मागे फिरायचं. नुसता ठसा असेल तर चालेल. ओल्यात घातलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात सिमेंटसारख्या वाळतात, मग चालणारे आणि घोडेवाले आपल्याच नावाने खडे फोडतात.

बंटी: आणि ओला चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका. बेअरिंगमध्ये पाणी जातं. वाळू द्या, ब्रशने झाडा, चेन पुसून तेल द्या. तेलाचा थेंबही ब्रेकच्या डिस्कवर नको, नाहीतर ब्रेक किंचाळत बसतील.

प्रणाली: आमच्या हायब्रिड सायकलचे टायर ३२ मिमी रुंदीचे आहेत. जमेल?

सुहास: कोरडं असेल तर जमेल. पण बाटलीसारखी टणक हवा भरून आलीस तर पहिल्याच सैल खडीवर घसरशील. ७५ किलोच्या माणसाला ४० च्या टायरमध्ये पुढे ३५, मागे ३८ पीएसआय (हवेचा दाब) पुरे. ३२ मध्ये इतकी कमी नको, रिमला दगड लागून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ५० च्या आसपास ठेव. ट्यूब बरोबर आण आणि वॉल्व्ह प्रेस्टा की श्रेडर ते घरीच बघ. दरवेळी कुणीतरी दुसराच पंप आणतं.

बंटी: "कुणीतरी" 😄

केदार: नावं नकोत.

बापूकाका: घड्याळाच्या दिशेने का ते सांगतो. पाय गार असताना डांबर, मग चढ, आणि दमल्यावर शेवटी ईस्ट शोअरचं डांबर. उलट गेलात तर लाइव्ह ओक नावाच्या वाटेचा चढ सायकल ढकलत चढाल.

सुहास: काका, मान्य. पण तुमच्या दिशेने तोच लाइव्ह ओक उतार म्हणून येतो. कडक जमिनीवर सुटे खडे. पोरं पुढचा ब्रेक घट्ट दाबतात आणि तोंडावर पडतात. वरूनच दोन्ही ब्रेक हलके धरा, ढुंगण सीटच्या मागे न्या, वेग चढूच देऊ नका. शंका आली की उतरून चाला. पूर्ण फेरी कुठून वळता त्यावर बारा ते चौदा मैल. बारा वर्षांखालच्यांनी फक्त डांबरावर जाऊन परत यायचं.

मीनल: हे आधी का नाही लिहिलं?

केदार: ट्रेलवर वेगमर्यादा ताशी १५ मैल, लक्षात असू द्या. वळणाआधी बेल. घोडा दिसला की थांबा आणि स्वाराशी बोला. माणसाचा आवाज ऐकला की तो बिचकत नाही. सायकलने घोड्याला आणि चालणाऱ्याला, दोघांनाही वाट द्यायची.

बंटी: घोड्यांचा मान आहेच तिथे. १८७० च्या दशकात अँथनी शबोने ते धरण बांधलं तेव्हा माती दाबायला घोडेच पळवले होते म्हणे.

मीनल: ज्ञान पुरे. पॉयझन ओकचं कुणी बोलतच नाही. तीन पानांचं झुडूप. हिवाळ्यात पानं नसतात, पण नुसत्या काड्यांनीही पुरळ उठतं. लघवीला झाडीत घुसायचं नाही. अंगाला लागलं तर लगेच साबण आणि गार पाणी, फडक्याने चोळून. हँडल आणि मोजेसुद्धा पुसा, त्या झुडपाचं तेल वस्तूंवर टिकतं. आणि मुलांनी तलावात पाय बुडवायचे नाहीत, मनाई आहे.

प्रणाली: वहिनी, पोहे तुम्हीच ना?

बंटी: वाटेत निलगिरीच्या साली पडलेल्या असतात. मागच्या चाकात "कट्" आवाज आला की पेडल थांबवा. जोर लावलात तर साल डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) ओढते, तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकतो आणि चालत परत. हँगर सायकलगणिक वेगळा, उधार मिळत नाही.

विद्या: उधारीवरून आठवलं. कारचा रॅक आमचा आहे. मागच्या वेळी पट्टा तुटून परत आला.

केदार: वहिनी, तो आधीच झिजलेला होता.

विद्या: दिला तेव्हा अखंड होता. फोटो आहे.

केदार: बरं, मी नवा आणतो.

विद्या: तो "मी" मागेही होता.

सुहास: मग असं ठरवूया. शुक्रवारी पाऊस नसेल तर शनिवारी साडेआठला मरीना, धरणापलीकडे टाचेची परीक्षा. मधल्या दरीत फोनच्या रेंजचा भरवसा नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि ज्या पायवाटांवर सायकलला बंदी आहे त्या बघून घ्या. गुरांचं गेट जसं सापडेल तसंच ठेवा.

बापूकाका: घड्याळाच्या दिशेने.

मीनल: पोहे अकरा जणांपुरतेच. ज्यांनी पट्टा तोडला त्यांनी घरून खाऊन या.