‘युद्धनौका’ आणि ‘बॅटलशिप’ : यूएसएस ओरेगॉनच्या निमित्ताने

शंका : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या यूएसएस ओरेगॉन या अमेरिकी आरमाराच्या जहाजाला कोणी ‘युद्धनौका’ म्हणतात, तर कोणी ‘प्री-ड्रेडनॉट बॅटलशिप’. हे शब्द समानार्थी आहेत का?

उत्तर : नाहीत. लढाईसाठी बांधलेले कोणतेही जहाज मराठीत युद्धनौका ठरते; फ्रिगेट आणि विनाशिका याही युद्धनौकाच. बॅटलशिप म्हणजे त्यांपैकी सर्वांत जड तोफांची आणि जाड चिलखताची, शत्रूच्या तशाच जहाजांशी रांगेने झुंजणारी नौका. ओरेगॉनवर १३ इंची चार तोफा होत्या आणि चिलखती पट्टा १८ इंचांपर्यंत जाड होता, त्यामुळे येथे बॅटलशिप हाच शब्द ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

‘प्री-ड्रेडनॉट’ हे नाव मागाहून पडले. ब्रिटनची ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची बॅटलशिप १९०६ मध्ये आली, तिच्या आधीच्या बॅटलशिप त्या प्री-ड्रेडनॉट, आणि ओरेगॉन १८९६ पासूनच सेवेत होती. तेव्हा १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धातील खलाशाच्या तोंडी हा शब्द घालू नये.

याहून उद्बोधक आहे ती अमेरिकी काँग्रेसच्या १८९० च्या कायद्यातील संज्ञा : ‘समुद्रगामी किनारी बॅटलशिप’. दूरच्या समुद्रांत लढणाऱ्या आरमाराला अनेक सदस्यांचा विरोध होता, म्हणून ‘किनारी’ हे विशेषण आले आणि ते आराखड्यातही उतरले. जहाजाचा काठ पाण्यापासून फार उंच नव्हता, कोळसा पूर्ण भरला की चिलखती पट्टा पाण्याखाली जाई, आणि तोफांचे बुरूज असंतुलित असल्याने ते एका बाजूला वळवले की जहाज त्याच बाजूला कलत असे.

तरीही ‘मेन’ हे अमेरिकी जहाज क्युबातील हवानात स्फोटाने बुडाल्यानंतर ओरेगॉन १९ मार्च १८९८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली, आणि पनामा कालवा तेव्हा नसल्यामुळे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून सुमारे १४,००० सागरी मैल कापून ६६ दिवसांत फ्लोरिडाला पोहोचली. ३ जुलैला क्युबातील सँटियागोच्या लढाईत तिने स्पॅनिश क्रूझर क्रिस्तोबाल कोलोनचा पाठलाग केला. ‘किनारी’ म्हणवल्या गेलेल्या नौकेची ही कामगिरी असामान्यच म्हणावी लागेल, आणि कालव्याची गरज अमेरिकेला पटवण्यातही या प्रवासाचा मोठा वाटा होता.

पुरवणी : १९२५ पासून ओरेगॉन अमेरिकेतील पोर्टलंडमध्ये स्मारक होती. दुसऱ्या महायुद्धात वरचा भाग तोडून उरलेला सांगाडा १९४४ मध्ये दारूगोळा वाहण्यासाठी प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर नेला गेला आणि १९५६ मध्ये जपानमध्ये मोडीत निघाला. ग्वाममधील त्या काळासाठी ‘बार्ज’ (ओढून नेली जाणारी मालवाहू नौका) हाच शब्द वापरावा.